टाकीतले वाल

सत्तरचं दशक सरत आलं होतं. सानपाड्याची आमची भातखाचरं नव्या शहरासाठी गेली आणि बाबांच्या हाती उरला एक जुनाट ट्रॅक्टर. त्यावर भरावाची माती वाहायचं काम द्यायचं एका ठेकेदाराने कबूल केलं होतं. नेमकी त्याच आठवड्यात, साफ करायला उतरवलेली डिझेलची टाकी बाबांच्या हातून निसटली आणि दगडांवर आपटली. तीन पोचे आले. तळाचा तर असा बसला की डिझेल नळीत उतरेना.

पनवेलच्या डेंटरने टाकी उलटीपालटी करून पाहिली. "पत्रा सडलाय, काका. हातोडी मारली तर भोक पडेल." ठेकेदाराने परवा सकाळी ट्रॅक्टर आणायला सांगितला होता. नाही आणला तर दुसरा तयारच होता.

तेव्हा मी अक्कल पाजळली. आई कळशीचे पोचे वालांनी काढायची. कळशी वालांनी गच्च भरायची, पाणी घालायचं, तोंड करकचून बांधायचं. वाल फुगले की पोचा बाहेर. घरात बियाण्याचे वाल पडून होते. पेरायला शेत नव्हतं, पण ते शिजवायला आईचा हात धजत नव्हता. टाकी सोड्याने धुऊन ते सगळे मीच तिच्यात ओतले आणि झाकण तारेने आवळलं.

संध्याकाळी टण्णकन आवाज झाला. तळाचा पोचा निघाला! बाबा हसले. जमीन गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"आता काढ ते वाल, बस झाला," आई म्हणाली.

"राहूदे सकालपरत. वरचे दोन पन निघतील," मी म्हटलं. हावरटपणा, दुसरं काय! बाबांनी माझंच ऐकलं.

सकाळी टाकीची शिवण हातभर उसवली होती. अंगणात आंबूस पाणी पसरलं होतं. बाबा खाली बसून दोन्ही हातांनी ती फट दाबत राहिले. मला तिथेच मरून जावंसं वाटलं. त्या पत्र्याला डाग देऊन फट सांधायलाही डेंटर तयार होईना, आणि नवी टाकी घ्यायला पैसे नव्हते.

ठेकेदाराने दुसरा ट्रॅक्टर लावला. त्याने ओतलेली माती फावड्याने पसरायला बाबा मजुरीवर जाऊ लागले. आमचा ट्रॅक्टर कळंबोलीला भंगारात गेला.

गावातले लोक हसायचे. "टाकीत वाल घालाची अक्कल कोनाची रं?"

"माजीच," बाबा म्हणायचे.

मी तिथेच, दोन हातांच्या अंतरावर उभी असायचे. मरेपर्यंत त्यांनी माझं नाव घेतलं नाही, आणि मीही एकदासुद्धा तोंड उघडलं नाही.