एक पाटा जास्त

गाडी पळायला उत्तम होती. तक्रार होती ती तिच्यात बसण्याबद्दल.

माझा थोरला भाऊ मुंबईत एका वर्कशॉपमध्ये होता. तिथे त्याने आणि त्याच्या एका मित्राने मिळून एक जुनी लाल गाडी शर्यतीसाठी तयार केली. इंजिनाला दोन कार्बुरेटर, रुंद सायलेन्सर, पुढे दोन खोलगट सीटं. शर्यत एकच झाली, तीही अर्धीच. मग दादाला आखातात नोकरी लागली आणि गाडी महाडला आमच्या दारात येऊन उभी राहिली. मी तेव्हा पोलादपूरच्या शाळेत शिकवत होते आणि रोज एसटीने ये-जा करत होते. "एसटीच्या मागे किती धावशील? ही घे," असं म्हणून दादाने किल्ली माझ्या हातावर ठेवली. चालवायला त्यानेच शिकवलं होतं. ऐंशी सालच्या आसपासची ही गोष्ट. महाडात तेव्हा स्टिअरिंगमागे बाई दिसली, की लोक ड्रायव्हर कुठे उतरला ते शोधायचे.

मला कुठल्याही गोष्टीची यादी केल्याशिवाय चैन पडत नाही. वाण्याची यादी, धुण्याची यादी, तशी पहिल्या आठवड्यातच गाडीच्या तक्रारींचीही केली. वळणावर होडीसारखी कलते. ब्रेक लावला की नाक खाली घालते. खड्ड्यातून गेली की पुढची वीसेक पावलं नमस्कार करत राहते. इंजिनावर सगळी हौस करून झाली होती. खालच्या स्प्रिंगा, मागच्या चाकांवरचे पाटे म्हणजे एकावर एक बांधलेल्या लोखंडी पट्ट्या, शॉकअप, सगळं मात्र जुनंच, दमलेलं. महाड-पोलादपूर रस्त्यावर वळणांना तोटा नाही, त्यामुळे गाडीत दम असूनही मला तो वापरता येत नव्हता.

पण माझी तक्रार दुय्यम होती. खरी तक्रार नानांची.

नाना म्हणजे माझे वडील, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांची कंबर धरलेली असायची आणि दर रविवारी सवच्या गरम पाण्याच्या कुंडावर जाऊन ते ती शेकून यायचे. पूर्वी ते शेजाऱ्यांच्या बैलगाडीतून, खाली पेंढा पसरून, आडवे होऊन जात. दारात गाडी आल्यावर बैलगाडीला विचारणं बरं दिसेना. पहिल्या रविवारी मी त्यांना मागच्या सीटवर बसवलं, कारण पुढच्या खोलगट सीटमध्ये एकदा बसलं की त्यांना उठवायला दोन माणसं लागत. येताना आईच्या दुखऱ्या टाचांसाठी कुंडाच्या पाण्याची कळशी भरून घ्यायची, हा नियम जुनाच. नाना ती दोन्ही पायांत धरून बसले. घरी पोचलो तेव्हा कळशीत अर्धं पाणी होतं, उरलेलं नानांच्या पायजम्यात.

"हिच्यापेक्षा बैलगाडी बरी," नाना उतरता उतरता म्हणाले. "बैलांना निदान खड्डा दिसतो."

"मलाही दिसतो हो नाना."

"मग बैलांना दया येते असं म्हण."

दादाने आधीच लिहून ठेवलं होतं, की नानांना सोसत नसेल तर गाडी ठेवू नकोस, माझा मित्र घ्यायला तयार आहे. नानांनी त्या वाक्याचा आधार घेतला. "नाताळच्या सुट्टीपर्यंत बघू. सवला जाऊन यायला जमलं तर राहू दे. नाहीतर जाऊ दे मुंबईला."

मला ती जाऊ द्यायची नव्हती. शाळा सुटल्यावर किती वाजता निघायचं, वाटेत कुठे थांबायचं, हे आयुष्यात पहिल्यांदाच माझं मी ठरवत होते. ते पुन्हा एसटीच्या हवाली करायची माझी तयारी नव्हती. तेव्हा गाडीच्या खालच्या भागाचं काय करायचं ते नीट ठरवणं भाग होतं.

माझं पहिलं काम, विषय समजून घेणं. तो मी मुलांना शिकवावा तसा स्वतःला शिकवला. स्प्रिंग म्हणजे उत्साही वर्ग. वजन तीच उचलते, पण एकदा उड्या मारायला लागली की थांबत नाही. शॉकअप म्हणजे मास्तर. तो उडी मारू देतो, पण एकदाच. नुसती स्प्रिंग बदलून मास्तर जुनाच ठेवला तर वर्ग डोक्यावर बसतो. आणि मास्तर फार कडक आणला तर वर्ग हलतच नाही, मग सगळे धक्के बाकावर बसलेल्याला.

हमरस्त्यावरचा आमचा मेकॅनिक काही वर्षं मुंबईत राहून आला होता आणि त्याची मतं तिथूनच आली होती.

"बाई, एकदम खाली बसवू. स्प्रिंगा कापू. गाडी अशी जमिनीला चिकटली पायजे. मुंबईत सगळे तेच करतात. काय लुक येतो!"

"आणि सवच्या रस्त्यावरचे दगड?"

"दगड काय, हळू काढायचे."

"मग पळवायची कुठे?"

"मुंबईत!" तो म्हणाला.

खाली बसवणं मी तिथेच खोडलं. यादीतल्या तक्रारींवर उपाय सांगणारं दादाचं पत्र आलं. पुढे जाड स्प्रिंगा घाल. पुढच्या दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा टाक, म्हणजे वळणावर कलणार नाही. मागे पाट्यांच्या जुडग्यात एक पाटा वाढव आणि चारही शॉकअप कडक घे. सामान मित्र पाठवेल. मी थोडी घासाघीस केली. शॉकअप नवे घेतले पण मधल्या ताकदीचे, कारण मास्तर फार कडक नको. बाकी सगळं दादाच्या म्हणण्याप्रमाणे. मेकॅनिकने मन लावून काम केलं आणि शेवटी मागच्या बाजूवर दोन्ही हातांनी जोर देऊन बघितलं. गाडी तसूभर हलली नाही.

"बघा! दगड झालाय," तो अभिमानाने म्हणाला.

एका सुट्टीच्या सकाळी मी एकटीच निघाले. पोलादपूर ओलांडलं, आंबेनळी घाटाच्या पहिल्या वळणांवर गाडी घातली आणि हसूच आलं मला. स्टिअरिंग फिरवावं आणि गाडीने लगेच ऐकावं, ना कलणं, ना डुलणं. ब्रेक लावला तरी नाक जागेवर. वळण संपता संपता पाय दाबला की दोन्ही कार्बुरेटर एकदम श्वास घ्यायचे. वरून येणाऱ्या एका ट्रकच्या क्लीनरने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून मागे वळून पाहिलं. मी त्याच खुशीत घरी आले आणि आईला सांगितलं, "झालं काम. गाडी राहिली."

रविवारी सवहून परत येताना कळशीत तळाला पाणी होतं. मागचं टोक प्रत्येक खड्ड्यावर उडत होतं. दगडावर दगड टाकावा तसा आवाज. नाना घरी उतरले ते ओला पायजमा दोन्ही हातांनी धरून थेट आत गेले.

आईने कळशीत डोकावून पाहिलं. "अगो, पाणी आणायला गेला होतात का सांडायला?"

संध्याकाळी नानांनी मला बोलावलं. रागावले नव्हते, तेच वाईट होतं. "तू मेहनत केलीस, दिसतंय मला. पण माझ्याने नाही होणार. दादाच्या मित्राला कळव, पुढच्या रविवारी येऊन बघ म्हणावं." मी कळवलं.

त्याच आठवड्यात पोलादपूरपलीकडच्या कापडे गावाहून आत्याचा निरोप आला. भाताची झोडणी आटोपली, नवा तांदूळ भरडून आणला, भात खायला या. नव्या तांदळाचा पहिला भात नाना दर वर्षी बहिणीकडेच जेवत. शनिवारी ते सकाळच्या एसटीने गेले. माझ्या गाडीतून येता का, असं मी विचारलंही नाही. अर्ध्या दिवसाची शाळा करून मी मागाहून पोचले.

जेवणं झाली. निघायची वेळ झाली तेव्हा आत्याने डिकी उघडायला सांगितली. आत पाहून तिने हात कमरेवर ठेवले.

"एवढी गाडी हाय नं रिकामीच जानार? लोकां काय म्हनतील गो?"

"आत्या, रविवारी गिऱ्हाईक येतंय बघायला."

"त्याला काय तांदूळ चावनार हाय?"

दोन पोती तांदूळ डिकीत गेला. त्यावर कोहळा. मग शेजारची बाई सुरण घेऊन आली. "बाई, महाडला चाललाव ना? आमच्या लेकीकडं एवढं पोचवा." तिच्या मागोमाग आणखी कुणी नाचणीचं गाठोडं आणलं. नकार द्यायची आमच्याकडे रीत नाही. वाहन खालच्या अंगाला निघालं की ते सगळ्या वाडीचं असतं. गाडीचं मागचं अंग हळूहळू खाली बसत गेलं. मी फक्त बघत होते.

नाना एसटीची वाट बघत फाट्यावर उभे होते. संध्याकाळची एसटी आलीच नाही. शेवटी ते माझ्या मागच्या सीटवर चढले, दात काढून घ्यायला खुर्चीत बसावं तसे.

मी निघाले. गप्पा नाहीत, काही नाही. नाना एरवी प्रत्येक वळणावर "हळू" म्हणायचे. तेही ऐकू येईना. पोलादपूर मागे पडल्यावर मी आरशात पाहिलं. डोकं मागे टेकलेलं, तोंड किंचित उघडं. मी गाडी हळू केली.

नानांनी डोळे उघडले. "का गं, हळू का केलीस?"

ते झोपले होते. माझ्या गाडीत, दगड झालेल्या गाडीत, महाडच्या रस्त्यावर.

तेव्हा कुठे मला कळलं. गाडी तीच, रस्ता तसाच, पाटा तोच वाढवलेला. फरक डिकीत होता. जास्तीचा पाटा वजन उचलायला असतो. वजनच नसेल तर तो वाकत नाही, आणि वाकला नाही की उरतो तो नुसता लोखंडाचा तुकडा. दादाने आखातात बसून पत्र लिहिलं होतं, मेकॅनिकने हातांनी दाबून पाहिलं होतं, मी घाटात एकटी जाऊन आले होते. रस्ता कसा, वेग किती, वळणं किती, सगळं विचारात घेतलं. डिकीत काय असणार हे कुणीच विचारलं नव्हतं. एरवी आमच्याकडे रिकामं वाहन हलतच नाही. मी मात्र घाटात गेले तीही रिकामी, सवला गेले तीही रिकामी.

रविवारी सकाळी आई म्हणाली, "ती पोती काढ गो आधी. उंदीर लागतील."

"राहू दे आई. आल्यावर काढू."

सुरण आणि नाचणी ज्यांची त्यांना आदल्या दिवशीच पोचवली होती. त्यांच्या जागी मी शेजाऱ्यांचा पाटा-वरवंटा मागून घेतला. नाना मागे बसले, पायांत रिकामी कळशी. सवला गेलो, कंबर शेकली, कळशी भरली, परत फिरलो. वाटेतल्या बुद्धविहाराच्या कोपऱ्यावरचा दांडगा खड्डा आला तेव्हा नानांनी कळशी धरलीही नाही.

दारात दादाचा मित्र येऊन बसला होता. काळा चष्मा, पायाशी रुंद झालेली पँट, हातात आईने दिलेला चहा. नाना आपले आपण उतरले. आईने कळशीत पाहिलं, मग नानांच्या पायजम्याकडे पाहिलं. "कोरडा हाय," ती म्हणाली.

मित्राने गाडीभोवती एक फेरी मारली. मागे येऊन वाकला. "मागून बसलीये हो ही. पाटे गेले वाटतं?"

"पाटे नाही गेले," नाना म्हणाले. "आमचा तांदूळ आहे आत."

"मग तो काढून घ्या की."

"काढला, तर मी सवला जाऊ कसा?"

मित्राने काळा चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं. आई त्याला म्हणाली, "भात खाऊन जा. नवा तांदूळ हाय." तो जेवला, तांदळाची तारीफ केली आणि दुपारच्या एसटीने गेला.

पाटा-वरवंटा मी परत केला. पोती डिकीतच राहिली आणि स्वयंपाकघरातली कोठी रिकामी झाली. आई सकाळी माप घेऊन बाहेर यायची आणि डिकी उघडून भाताला तांदूळ काढायची. शेजारणींना आधी ते विचित्र वाटलं, मग त्या उसने मागायलाही डिकीपाशीच येऊ लागल्या. मेकॅनिकला हे कळलं तेव्हा तो फार दुखावला. "बाई, पाटा काढून टाकतो ना! काम काय आहे त्यात?" पण दर वेळी कापड्याहून निघताना आत्या काही डिकी रिकामी ठेवणार नव्हती, आणि नाना जमलेल्या गोष्टीत हात घालू देणारे नव्हते. पाटा राहिला. गाडी राहिली.

एका रविवारी, थंडी सरत आलेली असताना, आम्ही सवहून परतत होतो. विहाराच्या कोपऱ्यावर गाडीने जराशी उडी घेतली आणि कळशीतून दोन थेंब नानांच्या पायावर पडले. त्यांनी पाय पुसला. मला वाटलं, आता बैलगाडीचा विषय निघणार.

"घरी गेल्यावर आईला विचार," ते म्हणाले, "पोत्यात तांदूळ किती उरलाय."

थोडाच उरला होता. पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी गाडी कापड्याकडे वळवली.