फुटक्या शंखांची माळ

मेडशीहून बैलांच्या दमणीने अकोला, तिथून आगगाडी आणि मुंबईहून आगबोट, एवढा प्रवास करून मी थोरल्या बहिणीच्या बाळंतपणासाठी कोकणात गेले. निघताना बाबा म्हणाले, "येताना म्हाताऱ्यासाठी समुद्रावरच्या कवड्या आनजो. बाजारातल्या नाई पाह्यजे." म्हातारा म्हणजे आमचा बैल. त्याची पोळ्याची माळ तुटली होती आणि पुढचा पोळा त्याचा शेवटचा, असं सारं गाव म्हणत होतं. बाबांनी जन्मात पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागितलं होतं.

समुद्र पाहून मी घाबरले, हे कबूल करते. आमच्याकडचं पाणी विहिरीत गप बसतं, हे आपणहून अंगावर येत होतं! पण आठ दिवसांत धीट झाले. बाळ निजलं की पुळणीवर जायची. इवलेसे पक्षी लाटेच्या पुढे पळत, ती मागे सरली की तिचाच पाठलाग करत. कोळणी सुकत घातलेल्या मासळीवरचे कावळे हाकलत आणि माझं दचकणं पाहून हसत.

कवड्या दोनच मिळाल्या, शंख मात्र ओटीभर. घरी परातीत ओतले आणि वास जावा म्हणून चुलीवर आधण ठेवलं. पाणी कढल्यावर भांडं उचललं, तोच मासळी घेऊन आलेली म्हातारी कोळीण दारातून ओरडली, "थांब गो! आत बिऱ्हाडं हायेत!"

पाहते तर शंख चालत होते. मी भांडं तसंच खाली ठेवलं. केवढा घात करायला निघाले होते मी!

म्हातारीने सांगितलं, आत खेकडा असतो; तो मेलेल्या गोगलगायीच्या रिकाम्या शंखात राहतो आणि वाढला की मोठा शंख शोधतो. "रिकामे पन सगले नेऊ नको. उद्या त्यांनी जायचं कुठं?"

मला रागच आला. बाबांना काय सांगू, खेकड्यांची अडचण होती म्हणून? तरी परात उचलली आणि पुळणीवर नेऊन सगळे ओल्या वाळूत ठेवले. एक शंख हलेना, म्हणून तिथेच बसून राहिले. शेवटी तो निघाला आणि एका झिजून भोक पडलेल्या शंखाला चाचपून पुढे गेला. फुटकं घर त्याला नको होतं. मला मात्र ओवायला आयतं भोक मिळालं. त्या दिवसापासून मी फुटकेच वेचले.

पोळ्याला शेजारीण म्हणाली, "एवढ्या दूर जाऊन फुटकंच आनलं काय वो?" मी सगळी हकीकत सांगितली. बाबा शिंगं रंगवता रंगवता ऐकत होते. रंगवून झाल्यावर माळ त्यांनी स्वतः म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली. गावाचं भाकीत खोटं पाडून म्हाताऱ्याने ती आणखी दोन पोळे मिरवली.

तो गेला त्या वर्षी बहिणीचं दुसरं बाळंतपण आलं. मी निघताना बाबांनी माळ आणून हातात दिली. "म्हाताऱ्याचं काम झालं. आता ज्यायची हाय त्यायले वापस देजो."

फुटक्या शंखांचा खेकड्यांना उपयोग नाही, हे मी त्यांना पुन्हा सांगत बसले नाही. माळ ट्रंकेत सगळ्यांत वर ठेवली.