परशरामचा उजवा गुडघा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्या क्लबात उभा जन्म घातला तिथल्या एकाही माणसाला नाही. एकदा डॉक्टरांपाशी जीभ सैल होणार होती — माझाच गुडघा दाखवायला गेलो होतो, वयानं धरलेला. ते सहज म्हणाले, सर, गुडघ्यांतलं तुम्हाला आमच्याहून जास्त कळत असेल. मी हसलो आणि विषय पावसापाण्यावर नेला. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसाच्या तोंडावर हे बोलायची धमक माझ्यात नाही. बघा, सुरुवातच भित्रेपणानं झाली.

मी बेळगावचा. तीस वर्षं एका हायस्कुलात पी.टी.चा मास्तर होतो आणि शाळा सुटली की फुटबॉल क्लबचा कोच. क्लब म्हणजे काय, तर एक गळकी खोली, जर्सींची एक ट्रंक आणि गल्लीभर अभिमान. खेळाडूंना पैसे नसायचेच. मॅच जिंकली तर चहा-भजी, हरली तर नुसता चहा. पण खोलीबाहेरच्या फळ्यावर अकरा नावं लिहायचा खडू माझ्या हातात होता, आणि त्या खडूचा मला भारी तोरा होता. एकनिष्ठा या विषयावर मी अर्धा तास सहज बोलायचो. पोरं जांभया आवरत ऐकून घ्यायची.

परशराम सांब्र्याचा. घरची थोडी शेती, आणि हा उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मोल्डिंगवर. पहिली पाळी संपली की मोटारसायकलवरून थेट मैदानात यायचा. भुवयांत काळी वाळू तशीच. मधल्या फळीत खेळायचा. बॉल पायाशी यायच्या आधीच तो कुठं द्यायचा हे त्याला ठाऊक असायचं, आणि हे काही शिकवून येत नाही. मी त्याला उजव्या पायाच्या बाहेरच्या बाजूनं बॉल मारायला शिकवलं, एवढंच. बाकी सगळं तो घरूनच घेऊन आला होता. तरी मी चारचौघांत सांगायचो — याला मी घडवला. आणि घडवला म्हणजे तो माझा, असं कुठंतरी पक्कं बसलं होतं.

बारा वर्षं झाली. दसऱ्याच्या तोंडावर कोल्हापूरच्या एका पगारी संघानं त्याला निरोप धाडला. एका हंगामाचे ते जे देणार होते ते फाउंड्रीतल्या त्याच्या वर्षाच्या पगाराहून जास्त होतं. भट्टीसमोरून सुटका, आणि ज्या खेळावर जीव होता त्याच खेळावर पोट. तो घरी सांगायच्या आधी माझ्याकडं आला. दारातच उभा राहिला, चपला पायातच. म्हणाला, "सर, खेळायचं पैसं देत्यात म्हणं. घाम तर तेवढाच गळतोय. पर तुमी म्हणशीला तसं."

मी म्हणेन तसं! मी "जाऊ नको" म्हणालो असतो तर तो गेला नसता, हे मला पक्कं माहीत होतं. मग तेवढंच का नाही म्हणालो? याचा मी फार विचार केलाय. म्हणालो असतो तर त्याला कायमचं कळलं असतं की वाट कुणी अडवली. मला तो हवा होता — आणि त्याच्या डोळ्यांतला मानही हवा होता. दोन्ही. एकही सोडायची माझी तयारी नव्हती.

खंडेनवमीला उद्यमबागेत मशिनांची पूजा होते, तशी आमच्या खोलीत बॉलची आणि बुटांची. त्या दिवशी प्रत्येक खेळाडू हळदकुंकू वाहिलेल्या बॉलला हात लावतो. हात लावला की पुढच्या खंडेनवमीपर्यंत तो क्लबचा. कागद नाही, सही नाही, आणि तो शब्द मोडलेला माणूस मला तरी आठवत नाही. परशरामची पाळी आली. त्यानं माझ्याकडं बघितलं. आणि मी — सगळ्यांच्या देखत — म्हणालो, "तू नको लावू. तुझा रस्ता मोकळा ठेव." कुणीतरी म्हणालं, सरांचं मन मोठं. परशरामचे डोळे भरून आले. खरं सांगू? माझेही आले. त्या क्षणी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं, आणि तेव्हाही मला त्याला जाऊ द्यायचं नव्हतं.

आता पुढचं. मनातल्या मनात सांगतानाही इथं माझं नेहमी अडतं.

गुडघ्याच्या आतल्या बाजूला, वाटीच्या जरा खाली, एक जागा असते. तिथं अंगठा रोवून दाबलं की धडधाकट माणूसही कळवळतो. तुम्हीही कळवळाल. पी.टी.च्या मास्तराला अशा जागा माहीत असतात. खंडेनवमीनंतरच्या आठवड्यात, सराव संपल्यावर, मी परशरामला बाकावर बसवला, उजवा पाय मांडीवर घेतला आणि अंगठा रोवला. तो ओरडला. मी मान हलवली, आणखी एकदा दाबलं, आणखी एकदा मान हलवली. मग म्हणालो, आत नस सरकलीय, आजच कळलं ते बरं झालं, नाहीतर लंगडा झाला असतास. माझ्या पैशानं त्याला नी-कॅप आणून दिली. जिना कसा उतरायचा तेही शिकवलं — आधी उजवा पाय, मग त्याच पायरीवर डावा. त्यानं एक प्रश्न विचारला नाही. का विचारावा? मी सांगत होतो ना.

तुम्ही म्हणाल, डॉक्टरकडं का नाही गेला? निघाला होता तो, एक्स-रे काढायला. मीच म्हणालो, फोटोत हाड दिसतं रे, नस थोडीच दिसते? पैसे कशाला घालवतोस?

दिवाळीनंतर निपाणीच्या मैदानावर त्या कोल्हापूरच्या संघाशी आमची मैत्रीची मॅच ठरली. परशरामला बघायला म्हणूनच. तो नी-कॅप घालून उतरला. अर्धं लक्ष बॉलकडं, अर्धं गुडघ्याकडं. ज्या बॉलवर एरवी झेप घेतली असती तो त्यानं तीनदा सोडला. तरीही त्याचे दोन पास असे गेले की त्यांचे मॅनेजर खुर्चीतून उठले. मॅच संपल्यावर आमची पोरं टेम्पोनं बेळगावला गेली, आणि मॅनेजरांनी मला आपल्या गाडीत घेतलं. कोगनोळीच्या नाक्याजवळ, ट्रकांच्या रांगेला लागून असलेल्या हॉटेलात आम्ही चहाला बसलो.

आमच्या भागात एक रीत होती. खेळाडू घ्यायचा तर त्याच्या जुन्या सरांना एकदा विचारायचं, आणि सर जे म्हणतील ते शेवटचं. डॉक्टर नाही, सर्टिफिकेट नाही. त्यांनी त्या रीतीनं विचारलं, "सर, पोरगं लई झ्याक हाय. गुडघ्याचं तेवढं सांगा."

मी कपातल्या चहाकडं बघितलं. म्हणालो, पोरगं सोन्यासारखं आहे... पण आता मी काय बोलू? तुम्ही बघितलंच.

एवढंच बोललो. वाक्य तसं खोटंसुद्धा नव्हतं, नाही का? त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "दुसरा असता तर लपवला असता. तुमी खरं बोललासा." मी मान खाली घातली. चहाचे पैसे त्यांनीच दिले. मी बेळगावची एस.टी. धरली, आणि खिडकीशी बसून पुढच्या मॅचची अकरा नावं मनात जुळवत आलो. हो, त्यात त्याचं नाव होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला सांगितलं की त्यांचं मन गुडघ्यापाशी अडलं. तो वाकला आणि भर नांगरटीत बसलेल्या बैलाकडं बघावं तसा आपल्या गुडघ्याकडं बघत राहिला. रागानं नाही. मग एकटाच खोलीत गेला. खंडेनवमीचा बॉल अजून पाटावर होता, कुंकू वाळलेलं. त्याला हात लावून बाहेर आला आणि म्हणाला, "घ्या सर. तुमचाच."

त्या वर्षी आम्ही सेमीफायनलला हरलो. एवढंच झालं.

पुढच्या वर्षी क्लबला एक प्रायोजक मिळाला. गल्लीचा अभिमान एका रात्रीत धंदेवाईक झाला आणि आम्ही गोव्याहून दोन खेळाडू पगारावर आणले. ते दसऱ्यानंतर आले. त्यांनी कुठल्याच बॉलला हात लावला नाही, आणि कुणी त्यांना लावायलाही सांगितलं नाही. मधल्या फळीतली एक जागा रिकामी करायची होती. मी फळ्यावरचं परशरामचं नाव पुसलं. कारण तर तयारच होतं — गुडघा जपायला हवा. तो म्हणाला, "व्हय सर, खरं हाय." बाकावर बसून त्या पगारी पोरांसाठी टाळ्या वाजवायचा. दोन हंगाम बसला, मग यायचा थांबला. एकनिष्ठेवरची माझी भाषणं मात्र चालूच होती. ती निष्ठा एकाच बाजूनं मागायची असते हे मी कधी कुणाला सांगितलं नाही.

तो अजून फाउंड्रीत आहे. गुडघ्याच्या भीतीनं मोल्डिंग सोडून स्टोअरला गेला, तिथं पगार कमी. स्वतःच्या लग्नाच्या वरातीत पोरांनी ओढलं तरी नाचला नाही. शेतातला बांध ओलांडायचा तर वळसा घालून जातो. हे सगळं तोच मला सांगतो, मी विचारायच्या आधी, डॉक्टरला सांगावं तसं. आणि दरवर्षी त्यांच्या शेतातली रताळी निघाली की पिशवी भरून आमच्याकडं घेऊन येतो. बायको ती उपासाला उकडते. गोड लागतात. मी खातो.

गेल्या महिन्यात आला होता. आमचं घर माडीवर, जिना अरुंद. रताळी ठेवली, पाणी प्याला, आणि निघताना नेहमीचं वाक्य बायकोला ऐकवलं, "काकू, सरांनी येळंत वळकलं म्हणून. न्हायतर मी लंगडाच झालो असतो बघा." बायकोनं अभिमानानं माझ्याकडं बघितलं. मग तो जिना उतरायला लागला. पँटच्या आत नी-कॅपचा फुगवटा दिसत होता. कितवी असेल ती? कठडा धरून — आधी उजवा पाय, मग त्याच पायरीवर डावा. थांबायचं. पुन्हा उजवा.

छत्तीस वर्षांचा माणूस. त्याच्या गुडघ्याला कधीच काही झालेलं नव्हतं.

मी वरच्या पायरीवर उभा होतो. तो निम्म्यात पोचला होता. बायको आत गेली होती, जिन्यात आम्ही दोघंच. एक वाक्य पुरलं असतं. मी तोंड उघडलं.

"जपून उतर रे," मी म्हणालो.

"व्हय सर," तो म्हणाला, आणि त्यानं कठडा आणखी घट्ट धरला.