मॅडमसमोर येतं, घरी येत नाही

“स्ट्रोक आहे. मेंदूची एक रक्तवाहिनी गुठळीनं बंद झालीय,” बीडच्या दवाखान्यात सीटी स्कॅन बघून डॉक्टर म्हणाले. सकाळी चहा पिताना यजमानांच्या हातातून कपबशी सुटली, तोंड वाकडं झालं. तसंच उचलून पाटोद्याहून आणलं होतं.

नऊ दिवसांनी घरी आलो. उजव्या हातापायात जोर नव्हता, बोलणं जड झालं होतं. मी सगळं अंगावर घेतलं. अंघोळ, दाढी, कपडे, घास भरवणं. खरं सांगते, त्यात मला सुख होतं. पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं त्यांचं दुकान सकाळी उघडायचं ते दिवेलागणीलाच बंद व्हायचं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा हे दिवसभर माझे होते.

मग फिजिओथेरपी सुरू झाली. म्हणजे लुळ्या पडलेल्या अवयवांना व्यायामानं परत कामाला लावणं. आठवड्यातून दोनदा बीडला जायचं. तिथल्या मॅडम माझ्या लेकीच्या वयाच्या.

“काका, शर्टाचं बटन लावा बघू,” त्या म्हणाल्या.

आणि ह्यांनी लावलं! वेळ लागला, घाम आला, पण लावलं. वर हसले. घरी हेच बटन माझ्यापुढं छाती करून लावून घ्यायचे. मी बाकावर बसून बघत होते आणि मला त्या पोरीचा हेवा वाटला. एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसले.

पुढं मी कारणं काढायला लागले. आज पाहुणे, आज माझी कंबर दुखतेय. चार फेऱ्या बुडवल्या. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिते.

दोन महिन्यांनी मॅडमनी फंक्शनल स्कोअर काढायला घेतला. म्हणजे रोजची कामं माणूस स्वतः किती करतो, त्याचे गुण. प्रश्न मला होते.

“स्वतः जेवतात?”

“मी भरवते.”

“अंघोळ?”

“मी घालते.”

“जिना चढतात?”

“आमच्या घराला जिनाच न्हाई.”

मॅडमनी पेन ठेवला. “हा फॉर्म आपल्याकडच्या घरांसाठी केलेलाच नाही. काका आधी खाली बसून जेवायचे ना?” कागदाच्या मागच्या बाजूला त्यांनी लिहिलं: मांडी घालून बसणं, जमिनीवरून उठणं, भाकरी मोडणं, पायजम्याची नाडी बांधणं. मग एकेक ह्यांनाच विचारलं.

“थोडं थोडं येतं,” हे अडखळत म्हणाले. “पर ही करू देत न्हाई.”

“म्हंजे माझंच चुकलं?” माझा आवाज चढला. “मी एवढं मरमर करते, आन् तुमी हसता यांच्यासमोर!”

मॅडमना कळलं असावं. त्या रागावल्या नाहीत. “काकू, मी हात लावत नाही म्हणून ते माझ्यासमोर करतात. सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात. आता हात वापरला नाही तर तो असाच राहील. ह्या फेऱ्या का चुकल्या?”

“माझी कंबर दुखत हुती,” मी म्हणाले. तर हेच म्हणाले, “तिला वाईट वाटंल म्हून मी गप बसलो.”

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी ताट जमिनीवर मांडलं. भिंतीला धरून हे बसले. उजव्या हातानं भाकरी मोडेना. तुकडा निसटला, वरण मांडीवर सांडलं. मी दोन्ही हात पदरात गुंडाळून बसले. अर्ध्या तासानं पहिला घास तोंडात गेला. “कावून रडती?” त्यांनी विचारलं.

आता फेरी चुकवत नाही. मॅडमचे उपकार आहेत. तरी ह्यांनी त्यांचं कौतुक केलं की अजून टोचतं. ते गेलेलं नाही. तुमच्या घरी असं दुखणं आलं, तर आपल्या माणसाला येत नाही की आपणच करू देत नाही, एवढं स्वतःला विचारा.

परवापासून हे अंघोळ स्वतः करतात. दार नुसतं लोटून घेतात. मी बाहेर उभी असते, आतलं पाणी ऐकत. बोलावलं तरच जाते. आज बोलावलं नाही.