टॉवेलची दांडी

बाथरूमच्या फरशा बदलायला आलेल्या मिस्त्रीने भिंतीवरच्या स्टीलच्या दांडीकडे बोट दाखवलं. “ही काढू का?”

काही वर्षांपूर्वी बाबांचे गुडघे कुरकुरायला लागल्यावर त्यांना आधार म्हणून मी ती बसवून घेतली होती. त्यांचा सारा जन्म पनवेलच्या खाडीकाठच्या मिठागरात गेलेला. “चिखलात कदी घसरलो नाय, आनि फरशीवर घसरेन?” असं म्हणून त्यांनी दांडीवर टॉवेल टाकला.

एका सकाळी बाथरूमचं दार अर्धवट उघडं होतं. साबणाचा ओला वास येत होता. पंचा नेसलेले बाबा टॉवेलवरूनच दांडी घट्ट धरून स्टुलावरून उठत होते. मला हसू आलं. आवाज न करता मी मागे फिरले.

मिस्त्री अजून थांबला होता. मी गुडघा चोळत म्हटलं, “राहू दे. टॉवेलला लागते.”