पाहुण्यांना दिलेला खेळ

मुलांनो, तुमच्या आजीला कपाटात आज व्हिडिओ गेमचा एक रिकामा डबा सापडला. जुन्या प्लॅस्टिकचा वास, वर जपानी विनोदवीराचा हसरा चेहरा. त्या गेममधले छोटे छोटे खेळ तुमची आई टोकियोत, एदोगावाच्या घरी शेजारच्या मुलींबरोबर खेळायची. त्यातूनच तिला मैत्रिणी मिळाल्या.

एकदा आजोबांचे साहेब सहकुटुंब चहाला आले. त्यांची लेक तो खेळ सोडेना.

"देऊन टाक गं, पाहुणी आहे. आपण नवा आणू," आजोबा म्हणाले.

"बाबा, माझ्या सगळ्या लेव्हल्स त्यात आहेत."

आजोबांनी डोळे वटारले. तिने शाळेत शिकवल्यासारखं वाकून, दोन्ही हातांनी खेळ दिला.

"किती गुणी!" साहेबांच्या पत्नी म्हणाल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आजोबा अजूनही हा प्रसंग आपले संस्कार म्हणून कौतुकाने सांगतात. पुन्हा सांगू लागले, तर त्यांना विचारा, त्या रात्री ती जेवली होती का?