झिऱ्यातला गाळ

आज नळाला गढूळ पाणी आलं. बादलीतून ओल्या मातीचा वास उठला आणि मला सूर्यमाळ गावाच्या खालचा तो झिरा आठवला.

तेव्हा मी तहसील कचेरीत पाणीटंचाईचे अर्ज बघायचो. उन्हाळाभर तेच काम करून डोकं इतकं शिणलं होतं, की फाईल उघडली तरी अक्षर डोक्यात शिरायचं नाही. एक दिवस रजा टाकली, फोन घरीच ठेवला आणि एकटाच रानात गेलो. कोरड्या ओहोळात, दगडांच्या आडोशाला परातीएवढा खड्डा होता आणि त्यात झिरपून साचलेलं गार पाणी. मी बूट काढून दोन्ही पाय आत सोडले, डोळे मिटले. कितीतरी महिन्यांनी बरं वाटलं.

डोळे उघडले तेव्हा समोर एक बाई उभी होती. काखेत रिकामा हंडा, हातात वाटी. ते पाड्याचं प्यायचं पाणी होतं. मी दचकून पाय काढले, तसा तळाचा सगळा गाळ वर आला.

ती रागावली नाही. हंडा खाली ठेवून सावलीत बसली. "बसा, दादा. गाळ बसंल खाली."

हळूहळू पाणी निवळलं. मग तिनं पहिली वाटी भरून माझ्यापुढं धरली. "आमच्या वरच्या पाड्याला टँकर कधी येल, तुमाला ठावं हाय का?"

"नाही," म्हणालो आणि वाटी रिकामी केली.

त्या रानाबद्दल, त्या गार पाण्याबद्दल मी पुढं अनेकांना सांगितलं. त्या पाड्याचा अर्ज आदल्या दिवशी मीच गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला होता, हे कुणालाच नाही.